एका लघु शंकेचे समाधान

मराठीने देहधर्माच्या गोष्टींना मोठी शालीन नावे दिली आहेत. ‘लघुशंका’ हे त्यांतलेच एक. शंका म्हणायची, तीही लघु. जणू प्रवचन संपल्यावर हळूच हात वर करून विचारण्याजोगी बाब. ‘जरा जाऊन येतो’, ‘मोकळा होऊन येतो’ अशी आणखी चार-सहा वळणे आपण घरोघर वापरतो, आणि शाळेतली मुले तर नुसती करंगळी वर करतात. पस्तीस वर्षांच्या बँकेतील नोकरीत ‘संशयित कर्जे’ या सदराशी माझा जितका संबंध आला तितका इतर कोणत्याही शंकेशी आला नव्हता. परंतु साठी उलटली, प्रोस्टेट ग्रंथीने आपले अस्तित्व जाणवून द्यायला सुरुवात केली आणि ही लघु शंका माझ्या दिनक्रमातील ज्येष्ठ सभासद होऊन बसली.

गेल्या दोन वर्षांत या शंकेने मला दोन अगदी निराळ्या पाण्यांवर गाठले. एकदा मालवणच्या समुद्रात, पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली असताना. आणि दुसऱ्यांदा नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेलीकडे जाताना, सरदार सरोवराच्या फुगवट्यावर होडीत बसलेला असताना. पहिल्या वेळी हसू झाले. दुसऱ्या वेळी आमच्याबरोबरच्या एका वडीलधाऱ्या बाईंच्या जिवावर बेतले. आपल्या समाजातील ज्येष्ठ मंडळी हल्ली मुला-नातवंडांबरोबर पूर्वीपेक्षा पुष्कळ हिंडतात आणि घरात हा विषय कोणी काढत नाही, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहीत आहे.

मालवणला आम्ही गेलो ते मुलाच्या हट्टामुळे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंगचे शिक्षण देणारी संस्था आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात पर्यटकांना खाली नेऊन मासे व प्रवाळ दाखवण्याचा व्यवसाय तेथे चांगलाच रुजला आहे. पोहता न येणाऱ्यालाही मार्गदर्शक मागून टाकी धरून फिरवून आणतो. माझे वय पाहून माझ्याकडून डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागितले गेले, ते योग्यच होते. अर्जात हृदय, रक्तदाब, मधुमेह, दमा, कानाची शस्त्रक्रिया, सगळे विचारले होते. मला ज्या गोष्टीची काळजी होती ती तेवढी कोठे नव्हती. तेव्हा मीच मार्गदर्शकाला बाजूला घेऊन विचारले. पंचविशीतला मुलगा, उन्हाने रापलेला. तो अजिबात न लाजता म्हणाला, “काका, पाण्यात उतरलं की सगळ्यांनाच लागते. जायच्या आधी जाऊन या, पण पाणी प्यायचं सोडू नका. आणि खाली लागलीच, तर सूटमध्येच करा. समुद्र आहे.”

जायच्या आधी मी दोनदा जाऊन आलो. रबराचा तो अंगाला घट्ट चिकटणारा पोशाख चढवायला सुनेची आणि मुलाची मदत घ्यावी लागली. एकदा चढला की पुन्हा उतरवणे म्हणजे लग्नातला फेटा सोडून परत बांधण्याइतके काम. होडीत आमची पाळी येईपर्यंत पाऊण तास गेला. पाण्यात उतरलो, कानांतला दाब सोडायला शिकलो, पट्ट्यापट्ट्यांचे मासे अगदी चष्म्यासमोर आले, आणि दहा मिनिटे झाली नसतील तोच अशी निकड लागली की मासे कोणत्या रंगाचे होते हे आता आठवत नाही.

पाण्याखाली बोलता येत नाही, सगळा कारभार हातांच्या खुणांवर. अंगठा वर म्हणजे ‘ठीक’ नव्हे, ‘वर जाऊ या’. अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ म्हणजे ‘ठीक आहे’. हात आडवा हलवला की काहीतरी बिघडले. लघुशंकेला मात्र शिकवलेली खूण नव्हती. माझ्या शेजारीच बारा वर्षांचा नातू होता, त्याचीही तीच अवस्था झाली असावी. त्याने सरळ शाळेतल्यासारखी करंगळी वर केली. मार्गदर्शकाच्या तोंडातून हसण्याचे मोठे बुडबुडे निघाले आणि त्याने दोन्ही हातांनी ‘होऊ द्या’ अशी खूण केली. ती नातवासाठी होती. आजोबांनीही तिचा लाभ घेतला.

त्या पोशाखाचे काम कसे चालते ते वर आल्यावर समजून घेतले. रबर आणि कातडी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो, अंगाच्या उष्णतेने तो कोमट होतो आणि तोच थंडीपासून राखतो. त्यात मिसळलेली लघवी थोडा वेळ ऊब देते आणि हालचालीबरोबर निघून जाते. वर येण्याआधी गळ्याजवळ पोशाख थोडा सैल करून आत समुद्राचे पाणी खेळवायचे आणि किनाऱ्यावर तो गोड्या पाण्याने नीट धुवायचा, कारण भाड्याचा पोशाख उद्या दुसऱ्या कोणाच्या अंगावर चढणार असतो. हे करतात की नाही, ते घालण्यापूर्वी खुशाल विचारावे. जगभरच्या पाणबुड्यांत एक जुना विनोद आहे म्हणे, की पाणबुडे दोनच प्रकारचे: एक, जे पोशाखात लघवी करतात, दुसरे, जे ‘आम्ही करत नाही’ असे खोटे सांगतात.

आता प्रश्न असा, की दोनदा जाऊन आल्यावरही दहा मिनिटांत लागावी का? मी हा दोष वयाला देत होतो. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी समजावले तेव्हा कळले की यात वयाचा वाटा थोडा आणि पाण्याचा मोठा आहे. आपण जमिनीवर उभे असतो तेव्हा रक्ताचा बराच हिस्सा पायांत आणि पोटाच्या खालच्या भागात उतरलेला असतो. मानेपर्यंत पाण्यात गेलो की पाणी सगळीकडून दाब देते आणि अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीकडे सरकते. हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि हृदयाची समजूत होते की शरीरात पाणी फार झाले. वास्तविक एकूण शिल्लक तेवढीच असते; रक्कम एका शाखेतून दुसऱ्या शाखेत वर्ग झालेली असते, इतकेच. पण हृदय एका शाखेची खातेवही पाहून निर्णय घेते. त्यातून एक संप्रेरक सुटते, लघवी रोखून धरायला सांगणारे मेंदूकडचे संप्रेरक कमी होते, आणि मूत्रपिंडे मीठ व पाणी झपाट्याने बाहेर टाकू लागतात. पाणी गार असेल तर कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आणखी रक्त आत ढकलले जाते. विहिरीत पोहायला गेलेली मुले मध्येच बाहेर पळतात, ती याचमुळे.

म्हणजे ही शंका रोखण्याचा उपाय म्हणून पाणी न पिणे, हा हिशेबच चुकीचा. शरीर आत असलेले पाणी घालवणारच आहे. शिवाय टाकीतली हवा पूर्ण कोरडी असते, तिला ओलावा देण्यात श्वासागणिक पाणी खर्च होते. खोल जाणाऱ्यांना याचा धोका अधिक. दहा मीटर खाली एकूण दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो, आणि घाईने वर आले तर सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडावे तसे त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखण्यापासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकते. शरीर कोरडे पडलेले असेल तर हा धोका वाढतो, असे पाणबुड्यांना शिकवतात. पर्यटकांच्या उथळ बुडीत तो प्रश्न फारसा येत नाही. परंतु ‘लागेल म्हणून पाणी नको’ ही सवय उथळ पाण्यातही चांगली नाही.

ज्यांना रोजच पाण्याखाली काम करायचे आहे, त्यांनी याची रीतसर तजवीज केलेली आहे. फार थंड पाण्यात जाणारे संपूर्ण कोरडा राहणारा पोशाख घालतात. त्यात लघवी बाहेर नेणारी नळी आणि झडप बसवलेली असते, नाहीतर लंगोट. मुंबईपासून दूर समुद्रात ‘मुंबई हाय’च्या तेलक्षेत्रात दुरुस्ती करणारे काही पाणबुडे जहाजावरच्या दाबबंद कोठडीत चार-चार आठवडे राहतात, म्हणजे दर वेळी वर येताना शरीराला दाब उतरवण्याचा त्रास नको. त्या कोठडीत शौचकूप असतो, पण तो आतल्या माणसाने एकट्याने मोकळा करायचा नसतो. आतला आणि बाहेरचा दाब इतका वेगळा असतो की बाहेरच्या कर्मचाऱ्याला सांगून, दोघांनी मिळून, क्रमाने झडपा उघडाव्या लागतात. म्हणजे तेथे प्रत्येक वेळी कोणाला तरी सांगितल्याशिवाय सुटका नाही, आणि त्यात कोणाला काही वाटत नाही.

सांगायची वेळ अंतराळवीरांवरही आली होती. ५ मे १९६१ रोजी अमेरिकेचे ॲलन शेपर्ड यांचे उड्डाण जेमतेम पंधरा मिनिटांचे होते, म्हणून त्यांच्या पोशाखात कसलीच सोय ठेवली नव्हती. उड्डाण लांबत गेले. पाय वर, पाठ खाली अशा अवस्थेत ते चार तासांहून अधिक काळ पडून राहिले. पाय वर म्हणजे रक्त छातीकडे, म्हणजे पुन्हा तोच आमच्या मालवणचा हिशेब. शेवटी त्यांनी विचारले आणि पोशाखातच करण्याची परवानगी मिळवली. शरीराला चिकटवलेली काही वैद्यकीय यंत्रे भिजून बिघडली म्हणतात. पुढच्या वर्षी जॉन ग्लेन पृथ्वीला प्रदक्षिणा घालायला गेले तेव्हा त्यांच्या पोशाखात पिशवी होती.

आणि ज्या किल्ल्याच्या सावलीत मी हे सगळे शिकलो, त्या सिंधुदुर्गाची बांधणी सुरू झाली १६६४ साली. तटावरून चालताना मार्गदर्शकाने तटातच बांधून काढलेले शौचकूप दाखवले. पहारेकऱ्याने जागा सोडून जायचे नाही, तर त्याच्या देहधर्माची सोय जागेवरच करायला हवी, हे शिवाजी महाराजांच्या कारागिरांनी धरून चालले होते. किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरींचे कौतुक सगळेच करतात. मला त्या दिवशी तटातल्या त्या कोनाड्यांचे अधिक वाटले.

मणिबेलीची गोष्ट याच्या पुढच्या हिवाळ्यातली.

मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातले नर्मदाकाठचे गाव. सरदार सरोवराने महाराष्ट्रातील जी ३३ गावे बाधित केली, त्यांतले हे धरणाच्या सर्वांत जवळचे. मी नोकरीत तरुण होतो तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीतली घरे पाण्यात गेल्याच्या बातम्या आम्ही शाखेत बसून वाचत होतो. त्याच वर्षी जागतिक बँकेचे या धरणाचे उरलेले कर्ज बंद झाले, आणि पुढच्या वर्षी, मोठ्या धरणांना त्या बँकेने पैसे देऊ नयेत अशी मागणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय निवेदनाला ‘मणिबेली जाहीरनामा’ असे नाव पडले. तालुक्याच्या बाहेर ज्याचे नाव कोणाला ठाऊक नव्हते अशा पाड्याचे नाव जागतिक बँकेच्या दारात गेले, याचे बँकवाल्यांत तेव्हा मोठे नवल होते. जवळचे शूलपाणेश्वराचे जुने मंदिरही पाण्याखाली गेले. आता धरण पूर्ण भरते तेव्हा पातळी १३८.६८ मीटर असते. २०१९ च्या सप्टेंबरात पाणी प्रथम तेथपर्यंत चढले. जुने गाव खाली, वस्ती वरच्या डोंगरउतारावर, आणि ये-जा पुष्कळशी पाण्यावरून.

आमचे मित्रमंडळ नर्मदाकाठच्या निवासी शाळांतील मुलांसाठी स्वेटर आणि वह्या घेऊन निघाले होते. आम्ही चौदा जण, त्यांत स्त्रिया तीन. त्यांपैकी एक माझ्या पत्नीच्या थोरल्या भगिनी, ज्यांना सगळे घर जिजी म्हणते. वय एकाहत्तर, चौविहार कधी चुकत नाही, पाणी उकळलेलेच पितात. पहाटे पाचला गाड्या निघाल्या. वाटेत एका धाब्यावर थांबलो. तेथील शौचालयाची अवस्था पाहून जिजी तशाच परत आल्या. दहाच्या सुमारास डिझेलवर चालणाऱ्या होडीत बसलो. होडी म्हणजे उघडी फळी, मध्ये इंजिन, कडेला सामान. आडोसा असा कोठेच नाही. पुरुषांना त्याची अडचण नव्हती. होडी काठाला लागेल तेव्हा एखाद्या झुडपामागे जाऊन येत होते. या स्त्रिया मात्र बसल्या जागी बसून होत्या.

वह्या वाटून झाल्या, मुलांनी गाणी म्हटली, आम्हाला दुपारी भाकरी-भाजी मिळाली. परतीच्या होडीत चारच्या सुमारास जिजींना भोवळ आली. ओठ कोरडे, हात गार. पत्नीने कानाशी लागून विचारले तेव्हा कळले की आदल्या दिवशी सूर्यास्ताला घेतलेले पाणी हे शेवटचे. मधले बावीस तास थेंब नाही. सकाळी नवकारसीनंतर सोबतच्या डब्यातले उकळलेले पाणी त्यांनी मुद्दामच घेतले नाही, आणि तरीही दहा वाजल्यापासून त्यांना जायचे होते. “आठ-दहा पुरुषांत कुणाला सांगायचं?” एवढेच त्या म्हणाल्या.

नावाडी तिकडचाच, तिशीतला. त्याने ते ऐकले आणि इंजिन मंद करून होडी काठाकडे वळवली. “मावशी, आधी सांगायचं ना. आमच्या बायका रोज या पाण्यावर असतात, त्यांच्यासाठी आम्ही थांबतोच.” काठाला लागायचे म्हणजे सोपे नव्हते. पावसाळ्यानंतर पाणी उतरत जाते आणि मध्ये गाळाचा पट्टा उघडा पडतो, त्यात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. त्याला खडकाची एक जागा ठाऊक होती. दोन फळ्या टाकून त्याने तिन्ही स्त्रियांना उतरवले आणि वर हात करून सांगितले, “ती पांढरी रेघ दिसते ना, पावसाळ्यात पाणी तिथवर येतं. तिच्या वर जा. खाली नको, हे पाणी सगळे पितात.” मग पाठ फिरवून, आम्हा पुरुषांनाही पाठ फिरवायला लावून, तो मोठ्याने इंजिनाबद्दल काहीबाही बोलत राहिला.

जिजींना त्या रात्री थंडी वाजून ताप भरला. दुसऱ्या दिवशी लघवीला जळजळ आणि कमरेत कळ. जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला होता. चार दिवस दवाखान्यात सलाईन आणि इंजेक्शने झाली तेव्हा उतार पडला. डॉक्टरांनी सांगितले ते सरळ होते: पाणी कमी आणि आलेली लघवी तासन्‌तास धरून ठेवलेली, वय सत्तरीपुढचे, जंतूंना आणखी काय हवे? तरुणपणी एखादे वेळी शरीर निभावून नेते, पण नेहमीची सवय झाली तर मुतखडाही होतो, आणि खानदेशातल्या उन्हाळ्यात तर लवकर होतो.

मला त्यानंतर राहून राहून आठवण झाली ती चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेची. २०२० साली टाळेबंदीत गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळे अंगणवाडीपर्यंत येईनात, म्हणून ही बाई स्वतः होडी वल्हवत दिवसाला १८ किलोमीटर पाण्यावरून ये-जा करत होती, आणि देशभरच्या वृत्तपत्रांनी तिचे छायाचित्र छापले होते. ते मीही कौतुकाने पाहिले होते. तिचे हात किती दुखत असतील हे मनात आले होते. दिवसभर ती पाणी किती पीत असेल, हे मनात आले ते जिजींच्या खाटेशेजारी बसल्यावर. त्या भागात होडीतून फिरणारा तरंगता दवाखाना आहे. त्यावरही परिचारिका असतात. आपल्या घरच्या मुली हल्ली बँकेत, विमा कंपनीत, औषधांच्या विक्रीत दिवसभर फिरतीवर असतात. मी नोकरीत असताना वसुलीच्या दौऱ्यावर जीपमध्ये आमच्याबरोबर येणाऱ्या महिला सहकारी चहा नाकारायच्या. आम्ही समजायचो, चहा सोडला असेल.

इथे समुद्र आणि सरोवर यांतला फरक सांगितला पाहिजे, कारण मालवणची सवलत कोणी मणिबेलीला लावू नये. समुद्र अफाट आणि मुळातच खारा. लघवीत पाण्याखेरीज मुख्यतः युरिया आणि क्षारच असतात, आणि समुद्रातला प्रत्येक जीव तेच करतो. ते पाणी कोणी पीत नाही. पोहण्याच्या तलावात मात्र करू नये; तेथे क्लोरीनशी संयोग होऊन डोळ्यांना आणि छातीला त्रास देणारे वायू तयार होतात, ज्याला आपण ‘क्लोरीनचा वास’ म्हणतो तो पुष्कळदा त्याचाच असतो. आणि सरोवर हे काठच्या लोकांचे पिण्याचे पाणी. तेथे काठालाच यायचे, आणि काठावरही त्या पांढऱ्या रेघेच्या वर.

त्या नावाड्याचे वाक्य मला दवाखान्याच्या बाकावर बसून ओळखीचे वाटू लागले, आणि थोड्या वेळाने कारण सापडले. आपल्या पाच समित्यांतली पाचवी हीच नाही का? उत्सर्ग समिती म्हणा किंवा पारिष्ठापनिका म्हणा, मलमूत्र कोठे आणि कसे टाकावे याचा संपूर्ण विचार तिच्यात आहे: जागा निर्जीव हवी, कोरडी हवी, पाण्यापासून आणि हिरवळीपासून दूर हवी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या दृष्टीआड हवी. ज्यांनी पौषध केला आहे त्यांना संध्याकाळी ही जागा आधी पाहून ठेवण्याचा विधी माहीत आहे. आपल्या आचार्यांना या विषयावर लिहिताना लाज वाटली नाही. चालणे, बोलणे, आहार घेणे यांच्याच ओळीत त्यांनी हे बसवले. शिवाय जागा रात्री नव्हे, दिवस असताना, गरज लागण्याआधी पाहून ठेवायची. आम्ही चौदा जण गाड्यांतून निघालो तेव्हा वह्यांची मोजदाद होती, स्वेटरांच्या मापांची यादी होती, नाश्त्याच्या पुड्या होत्या.

मालवणच्या प्रसंगाबद्दलही माझ्या मनात शास्त्रदृष्ट्या थोडी टोचणी राहिली होती. पाणी हेच जीवांचे शरीर, मग त्यात असे करणे कसे? चातुर्मासात आमच्या उपाश्रयात विराजमान असलेल्या साध्वीजींना मी आडवळणाने विचारले. त्यांनी सरळ विचारायला लावले, ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “श्रावकजी, करमणुकीसाठी पाण्यात उतरलातच कशाला, हा प्रश्न आधीचा. तो सुटला असेल तर मग दुसऱ्याचे बोलू.” तो सुटलेला नाही. नातू पुढच्या सुटीत पुन्हा जायचे म्हणतो आहे.

जिजींची गोष्ट मात्र त्यांनी गंभीरपणे घेतली. देह रोखून धरणे म्हणजे तप नव्हे, असे त्यांनी जिजींना समोर बसवून सांगितले, आणि चौविहार करणाऱ्यांनी दिवसाचे पाणी दिवसभरात विभागून, पुरेसे प्यायला हवे हेही सांगितले. घरच्यांनी तेच सांगितले असते तर जिजींनी ऐकले नसते.

येत्या हिवाळ्यात मंडळ पुन्हा नर्मदाकाठी जाणार आहे. या वेळी त्याच नावाड्याशी आधी फोनवर बोलणे झाले आहे: दर दीड तासाने तो खडक पाहून होडी लावील, पहिल्यांदा स्त्रिया उतरतील, आणि कोणी मागो न मागो, थांबायचेच, म्हणजे मागायची वेळ कोणावर येऊ नये. प्रत्येकाच्या नावाने उकळलेल्या पाण्याचा एकेक थर्मास. प्रोस्टेट असलेल्या आम्हा तिघा-चौघांसाठी तोंड बंद होणारी रुंद बाटली, जी काठावर नेऊन रेघेच्या वर रिकामी करायची. पाणी उतरवणारी गोळी रक्तदाबासाठी घेणाऱ्यांनी त्या दिवशीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवायची. मनाने गोळी बंद करायची नाही. यादीत जिजींनी स्वतःचे नाव स्वतः घातले. होडीच्या मागच्या टोकाला आडोसा बांधायला त्यांनी आपले एक जुने, जाड नऊवारी लुगडे काढून ठेवले आहे, आणि त्याला दोरी ओवायच्या चार कड्या शिंप्याकडून लावून घेतल्या आहेत.